धोंडा खोटं बोलतोय

१

अल्लाउद्दीनचं प्रेत बंधाऱ्याच्या खांबांमधल्या गाळ्यात अडकलेलं सापडलं, तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि पाऊस घटकाभर उघडला होता. करंजओढ्यावरचा तो बंधारा एवढासा, पोराटोरांनी उड्या मारत ओलांडावा असा. त्या बंधाऱ्याचा राखणदारच त्यात बुडून मरावा, हे कुणाला खरं वाटेना. पोलीस आले, पंचनामा झाला, ‘पाय घसरून’ असं लिहिलं गेलं आणि जीप चिखल उडवत निघून गेली. सरकारी कागदावर माणूस दोन शब्दांत मरतो.

त्याच्या बायकोच्या, सुगराच्या, घशाखाली मात्र ते दोन शब्द उतरेनात. हिवाळा आला की गाळ्यात बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याच्या तोंडाला त्या जाड फळ्या काढून काठावरच्या खोलीत रचून ठेवायच्या, हे काम अल्लाउद्दीन लग्नाच्या आधीपासून करत होता. ओल्या भिंतीवरून तो घरच्या ओसरीतून चालावं तसा चालायचा. असा माणूस घसरतो होय?

पण विचारणार कुणाला? ती आता इद्दतीत बसली होती. नवरा गेला की बाईनं काही महिने उंबरा ओलांडायचा नाही. अल्लाउद्दीनच्या आत्यानं, मलिकाफूफीनं, दाराला पडदा सोडला आणि सुगराला आतल्या भिंतीशी बसवलं. मांडीवर लहानगी सलमा झोपली होती. तिला अजून काही कळतच नव्हतं.

“जीव धोक्यात असला तरच बाहेर पडायची मुभा हाय, बेटी,” फूफी म्हणाली. “न्हायतर न्हाय.”

आणि जीव धोक्यात आहे की नाही, हेच कळायला मार्ग नव्हता. कसबा बावड्याच्या अंगाला जिथं काल-परवापर्यंत ऊस डुलत होता तिथं ही नवी वसाहत उठलेली, आणि सुगराचं घर अगदी खालच्या ओळीत, ओढ्याला लागून. गेल्या दिवाळीला राहायला आले, म्हणजे इथला हा पहिलाच पावसाळा. सकाळी रेडिओनं सांगितलं की काल दिवसभर गगनबावड्याला धुवाधार झाली. गगनबावड्याचा कालचा पाऊस म्हणजे पंचगंगेचं आजचं पाणी, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि करंजओढा पंचगंगेलाच मिळायचा.

पण भ्यायचं कारण नव्हतं म्हणे. ओढ्याकाठी पुराचा धोंडा होता. जुन्या लोकांनी रोवलेला. कितीही पूर चढला तरी पाणी धोंड्याला शिवून मागं फिरायचं, त्याच्या वर कधी आलं नव्हतं. वसाहत सगळी धोंड्याच्या वर. सकाळपासून जो तो हे मोठ्यानं सांगत होता आणि सांगता सांगता मान वळवून ओढ्याकडं बघत होता.

“सुगरा, मी हाय, हंबीरराव,” पडद्याबाहेरून आवाज आला. हे मागच्या ओळीतले निवृत्त फौजदार. जन्माची कमाई घालून त्यांनीही इथंच घर बांधलं होतं. “रडू नगंस असं म्हणणार न्हाय मी. फकस्त एवढं सांग, काल सांजच्याला जाताना त्यो काय बोलला?”

“धोंडा खोटं बोलतोय, म्हणाले.”

“म्हंजे काय?”

“म्या इचारलं न्हाय, आबा. ‘सांगून येतो’ म्हणाले आणि गेले. कुणाला सांगून येतो, ते बी इचारलं न्हाय.” हातातली भाकरी बाजूला ठेवून दोन शब्द विचारले असते तर, हे तिला सकाळपासून खात होतं.

“आणिक काय ध्यानात येतंय?”

“हात. जायच्या आदी मोरीवर हात धूत हुते. दोनी पंजे लाल. मला वाटलं रगतच हाय. पर आबा, लागलं तर कुठंच नव्हतं.”

पडद्याच्या कडेनं फौजदारांचा सुरकुतलेला हात आत आला.

“त्याच्या कमरंची किल्ली पोलिसांनी तुझ्याकडंच दिली न्हवं? बरग्यांच्या खोलीची? ती दे हिकडं.”

२

दुपारी दफन झालं. कब्रस्तान वरच्या अंगाला, पिंपळाच्या पारापलीकडं होतं, म्हणून तेवढं तरी कोरड्या मातीत झालं. पुरुषमाणसं परतली तेव्हा पावसानं पुन्हा धार धरली होती. हंबीरराव निथळत ओसरीवर येऊन बसले आणि पडद्याशी तोंड नेऊन हळू बोलू लागले. सुगराजवळ आता म्हातारी आक्काही येऊन बसली होती. ही बावड्याची जुनी बाई, कृष्णात शेतकऱ्याची आई. पायांनी अधू, पण जिभेनं धडधाकट.

“खोलीचं छत गळतंय,” फौजदार म्हणाले. “म्हणून काल अल्लाउद्दीननं जादाचे बरगे उलटेपालटे केले असणार. त्यातल्या तळाच्या दोन बरग्यांवर वरबाडल्याच्या खुणा हायत. आणि खुणांत शेंदूर. गळतीनं ओला झालेला, अजून तेलकट. माझे बी हात लाल झाले.”

“शेंदूर?” सुगरा म्हणाली.

“ह्या ओढ्याकाठी शेंदूर एकाच ठिकाणी असतुय. त्या धोंड्याला. बरग्यांवरनं घसरवत कुणीतरी त्यो धोंडा खाली न्हेलाय, पोरी. गेल्या सालच्या चैतात जोतिबाच्या यात्रेला सारा गाव डोंगरावर हुता, हितं प्लॉट पाडायला माती उकरून ठिवलेली. कुणाच्या ध्यानात येतंय?”

सुगरानं सलमाला घट्ट धरलं.

“म्हंजे आमचं घर धोंड्याच्या वर न्हाय?”

“बहुतेक कुणाचंच न्हाय.”

“मग उठवा की समद्यास्नी. बसलाय कशाला?”

“उठवून कुठं न्हेऊ?” फौजदारांच्या आवाजात भीती होती आणि ती लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. “लोक आताच पोरंबाळं वरच्या नव्या शाळंत ठेवाय लागल्यात. पर शाळा तरी धोंड्याच्या वर हाय का? पाराकडं चला म्हणावं तर नुसत्या शेंदराच्या खुणंवर शाळा कोण सोडंल? बांध मोडले, बाभळी तोडल्या, भर टाकली. धोंडा आदी कुठं हुता हे आक्कालाबी सांगता यायचं न्हाय.”

“न्हाय बाबा,” आक्का आतून म्हणाली. “माझ्या वळखीचं तिथं काय ऱ्हायलंय?”

“ज्यानं हलवला त्यालाच ठावं. खोलीचं कुलूप शाबूत हाय, किल्ल्या दोनच. एक अल्लाउद्दीनच्या कमरंला, दुसरी वसाहतीच्या कचेरीत खिळ्याला. त्या कचेरीत उठबस तिघांची. प्लॉट विकणारा बाळासो, जमीन देणारा आक्काचा कृष्णात, आणि मोजणी करणारे ओव्हरसियर सयाजीराव. तिघं बी आता मयताच्या घरी भेटाय येतील. तू आत बस आणि कान उघडे ठेव. माझ्या कानातनं काय निसटलं तर तुझ्या कानात अडकंल.”

सुगरा हो म्हणणार तेवढ्यात मोरीत गुडगुड झाली. तिघींनी वळून बघितलं. सांडपाणी खाली जायच्या भोकातून गढूळ पाणी वर येत होतं.

३

पहिला आला बाळासो. त्याची छत्री मिटल्याचा आणि पाठोपाठ लांबलचक सुस्काऱ्याचा आवाज सुगरानं ऐकला.

“लई चांगला माणूस गेला,” बाळासो म्हणाला.

“गेल्या म्हैन्यात तू त्याच्याशी भांडलास म्हणं,” फौजदार म्हणाले.

“भांडलो की. बांधकामाला परांची बांधाय चार बरगे मागितले, तर म्हणतो, बरगे पाण्याचे हायत, तुमच्या बाचे न्हाईत. त्यो काय रागानं जीव घ्यायचा इषय झाला काय, फौजदार?”

“हितं पाणी येत हुतं हे तुला म्हाईत हुतं?”

बाळासो जरा चाचरला. “शेतात यायचं. धोंड्यापतुर. पर साहेबानं मोजून पास केलं, मग मी काय साहेबापरास शाना हाय? माझं बी भावाचं घर हाय हितं.”

“बरं, एक सांग. धोंड्याला शेंदूर कुठल्या अंगाला असतुय?”

“आता ह्यो काय सवाल झाला? वरच्या अंगाला. ल्हानपणी आईच्या पदराला धरून किती येळा गेलोय.”

बाळासो गेला आणि कृष्णात आला. हा मात्र बसेना. ओसरीच्या खांबाशी उभा राहून सारखा ओढ्याकडं बघत होता, हे पडद्याच्या फटीतून सुगराला दिसलं. पुराचं पाणी एव्हाना अंगणातल्या तुळतुळीत दगडाला, अल्लाउद्दीन नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करायला बसायचा त्याला, लागलं होतं.

“काल सांजच्याला अल्लाउद्दीन तुझ्याकडं आलता?” फौजदारांनी विचारलं.

“आलता. खरं सांगतो. म्हणाला, कृष्णात, तुझ्या शेतात धोंडा कुठं हुता आठवतंय का? मी म्हणालो, जमीन इकली, आता आठवून काय करू?” कृष्णातनं नाक ओढलं. “मला वाटलं, ह्यो आता कायतरी काढणार आणि माझा यवहार मोडणार. मी त्याला हाकलला, फौजदार. हाकलला नसता तर त्यो पुढं गेलाच नसता.”

“पुढं कुठं गेला?”

“बंधाऱ्याच्या वाटंनं.”

आत आक्कानं कपाळाला हात लावला. पोरगा खरं बोलतोय की पांघरूण घालतोय, हे आईलाही कळेना.

“धोंड्याला शेंदूर कुठल्या अंगाला असतुय, कृष्णात?”

“वरच्या. का?”

“काय न्हाय. जा.”

सुगराला वाटलं, फौजदारांचं डोकं ठिकाणावर नाही. मोरीतून पाणी वर येतंय, जोत्याची पायरी भिजायला लागलीय, आणि हे शेंदराची बाजू विचारत बसलेत.

४

सयाजीराव आले ते रेनकोट घालून. माणूस सोलापूरकडचा, दोन वर्षांमागं बदलून आलेला. बोलायला मऊ. वसाहतीत भाड्यानं राहायचे, पण सगळ्यांच्या अडीनडीला धावायचे, त्यामुळं लोक त्यांना मानत.

“सुगराबाई, ऐकताय ना?” ते पडद्याकडं तोंड करून म्हणाले. “आपल्या धर्माप्रमाणे आपण इथंच बसा. घर सोडायचं काहीच कारण नाही. अंगणात आलंय ते पावसाचं तुंबलेलं पाणी. अहो, हा ओढा केवढा? वरून येऊन येऊन येणार तरी किती पाणी? आणि धोंडा आहेच.”

धोंडा हलवलाय हे ऐकूनही त्या शब्दांनी सुगराला पहिल्यांदा जरा धीर आला. साहेब सांगतात म्हणजे तसंच असेल, असं वाटलं. मलिकाफूफीनंही मान डोलावली.

“वैनी दिसल्या न्हाईत मयताला,” फौजदारांनी सहज विचारलं.

“काल दुपारीच माहेरी धाडली. आखाडाला. थोरल्यालाही घेऊन गेली.”

“अशा पावसात?”

“रीत आहे ना, फौजदारसाहेब. रीत मोडून कसं चालेल?”

“व्हय, खरं हाय. धोंड्याला शेंदूर कुठल्या अंगाला असतो हो, साहेब?”

“पाण्याच्या अंगाला,” सयाजीराव म्हणाले. “ओढ्याकडं तोंड करून. देवाचं तोंड नदीकडंच असायचं.”

आतल्या बाजूला दोन गोष्टी एकदम झाल्या. आक्का सुगराच्या कानाशी लागून चिडक्या आवाजात पुटपुटली, “पाण्याच्या अंगाला? म्हंजे पुरात गळ्याइतक्या पाण्यात उभं ऱ्हाऊन वटी भरायची काय आमी बायकांनी? धोंड्याला पाणी लागलं की कोरड्या अंगाला उभं ऱ्हायचं, हात पोचंल तिथं शेंदूर माखायचा. म्हणून त्यो वरच्याच अंगाला असतुय.”

आणि सुगराच्या डोक्यात दुसरंच काहीतरी खटकलं होतं. आखाडाला माहेरी जाते ती नवी नवरी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडाला. ही रीत तिच्या घरातली नसली तरी जन्म कोल्हापुरात गेला होता. सयाजीरावांचा थोरला पोरगा तर शाळेत जातो.

मग बायकोला धाडली कशाला? ज्याला पाणी येणार नाही याची एवढी खात्री, त्यानं बायकापोरांना पावसात एस.टी.त का बसवलं?

मघाशी ज्या माणसाच्या शब्दावर तिला धीर आला होता, तो माणूस पडद्याच्या पलीकडं हातभर अंतरावर बसला होता. तिनं पडद्याखालून हात घातला आणि फौजदारांच्या धोतराचा सोगा दोनदा ओढला.

५

“साहेब, चा घेऊन जावा,” हंबीरराव म्हणाले. “हितं चूल पेटलेली न्हाय, पर आमच्या मंडळींनी किटली भरून धाडलीय.”

“नको, मला जरा घाई आहे.”

“घाई कसली? पाणी तर येत न्हाय. बसा की.”

सयाजीराव बसले. कपबशी हातात आली. पावसाची सर ओसरीत येत होती. खालच्या पायरीवर पाणी चढलं आणि तिथंच चुबकत राहिलं. फौजदार फुंकर मारत सावकाश चहा पिऊ लागले. सुगरा आत गुडघ्यावर बसून होती. मोरीतलं पाणी जमिनीवर पसरून तिच्या लुगड्याला लागलं, तरी ती हलली नाही. म्हातारा आपल्या सगळ्यांचा जीव पणाला लावून बसलाय हे तिला समजलं होतं. आपल्याला भीती वाटते तेवढीच त्यालाही वाटत असेल का, हे मात्र समजत नव्हतं.

“सकाळी मी धोंडा बघून आलो,” फौजदार म्हणाले. “शेंदूर ओढ्याच्याच अंगाला हाय. तुमी बरोबर सांगितलं.”

“मग?”

“तिथंच तर चुकलं. हितल्या माणसानं धोंडा हलवला असता तर शेंदूर वरच्या अंगाला ठिवला असता. बाळासो, कृष्णात, दोघं बी आयांबरोबर वटीला गेल्यात. धोंडा उलटा बसवणारा माणूस पूर न बघितलेला हाय. कचेरीतली किल्ली हाताशी असणारा हाय. आणि धोंडा खोटा हाय हे जाणून काल बायकोला गावाला लावणारा हाय. तिघांत असा एकच.”

पाणी दुसऱ्या पायरीवर आलं.

“उठू द्या मला,” सयाजीराव म्हणाले.

“धोंडा आदी कुठं हुता?”

“फौजदारसाहेब, पाणी बघा.”

“बघतोय. ह्या पडद्याआड एक बाई बसलीय, तुमच्या शब्दावर. तिची पोर हाय. ती उठंस्तवर मी उठत न्हाय आणि तुमालाबी उठू देत न्हाय. धोंडा कुठं हुता?”

सयाजीरावांच्या हातातून कप सुटला. “शाळेत कुणाला ठेवू नका,” ते एका दमात बोलून गेले. “शाळाही बुडणार. धोंडा पाराच्या जरासा खाली होता. पाराच्या वर न्या सगळ्यांना, आत्ताच्या आत्ता.”

हंबीररावांनी ओसरीवरूनच हाळी दिली आणि गल्लीत थांबलेले बाळासो-कृष्णात धावत सुटले. शाळेतून पोरं बाहेर पडायला लागली. इकडं सयाजीराव दोन्ही हातांत डोकं धरून बडबडत होते. ऐकणारं कुणी नसलं तरी ते बोलले असते.

“मी ओढ्याचंच पाणी मोजलं होतं. नदी चढली की ती ओढ्यातून उलटी आत घुसते, फुगवटा येतो, हे आमच्या मुलखात कुणी बघितलेलंच नाही हो. नकाशा पास झाला आणि मग लोकांकडून धोंड्याचं कळलं, बघतो तर तो सगळ्या प्लॉटांच्या वर. चूक कबूल केली असती तर नोकरी गेली असती. म्हटलं, अशी वर्षं कितीदा येतात? नकाशात नव्हता तो धोंडा, म्हणून तो नकाशात बसेल तिथं नेला.”

“आणि अल्लाउद्दीन?”

“तो मलाच सांगायला आला. मी साहेब म्हणून. म्हणाला, सकाळी गावाला सांगतो. बंधाऱ्यावर मी त्याला अडवायला गेलो आणि झटापट झाली. तो खाली गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. मी सोडला.”

पडदा बाजूला झाला. सुगरा सलमाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. फूफीनं मागून तिच्या डोक्यावरून पदर ओढला आणि म्हणाली, “चल बेटी, आता मुभा हाय.” सुगरानं सयाजीरावांकडं एकदा बघितलं. बोलायचं खूप होतं, पण पाणी ओसरीला लागलं होतं. तिनं उंबरा ओलांडला आणि आक्काच्या काखेत हात घातला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पाराच्या खाली येऊन थांबलं आणि फिरलं. वसाहतीची निव्वळ छपरं दिसत होती. शाळेच्या खिडक्या पाण्याखाली होत्या. त्या खिडक्यांकडं बघून रात्रभर न रडलेल्या बायका आता रडायला लागल्या. माणूस मात्र एकही गेला नव्हता. सयाजीरावांना न्यायला जीप आली, आणि या वेळी पंचनाम्यात काय लिहायचं हे हंबीररावांनी शेजारी बसून सांगितलं.

आक्काला ओटी भरायची होती, पण धोंडा कुठंतरी पाण्याच्या तळाशी होता. तेव्हा कृष्णातला आठवण झाली. शेंदूर लागलेला एक बरगा फौजदारांनी पुरावा म्हणून कालच वर आणून ठेवला होता. पोलिसांना विचारून तो पाण्याच्या काठाशी रोवायचं ठरलं, दगड सापडेपर्यंत. बाळासोनं खड्डा खणला, कृष्णातनं बरगा उभा केला आणि दोघं माती लोटू लागले.

सुगरा पाराच्या वरच्या मशिदीच्या ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिनं मान वळवून बघितलं आणि पटकन उठली. एवढ्या पुरुषांत ती आजवर कधी बोलली नव्हती.

“उलटा झाला,” ती म्हणाली.

दोघं थांबले.

“शेंदूर पाण्याच्या अंगाला गेलाय. फिरवा. कोरड्या अंगाला पायजे.”

बाळासो खाली बघायला लागला. कृष्णातनं बरगा फिरवला, पण ओल्या मातीत तो डुगडुगायला लागला. मग सुगरानं पुढं होऊन तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्यांनी दगड भरले, माती ठोकली, आणि तो पक्का झाल्यावर तिनं हात काढले. पंजे लाल झाले होते. अल्लाउद्दीनचे झाले होते तसेच.

“धू की हात, पोरी,” आक्का म्हणाली.

“धुते,” सुगरा म्हणाली. पण ती तशीच बसून राहिली, आणि दुपारच्या नमाजाची बांग झाल्यावर वजू करायला उठली तेव्हाच तिनं ते धुतले.